मुलांच्या खांद्यावरचा मराठी सिनेमा

७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाली आणि मराठी मुलुखात आनंदीआनंद झाला. सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे पदार्पणातले सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट. बालकलाकारांच्या पाच मानकऱ्यांपैकी चौघे मराठी: ‘नाळ २’मधले त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’चा कबीर खंदारे. सप्टेंबरात दिल्लीच्या सोहळ्याला साडी नेसून आलेल्या चिमुकल्या त्रिशाचं कौतुक इतकं झालं, की शाहरुख खानचा पहिला राष्ट्रीय पुरस्कारही घटकाभर झाकोळला.

कौतुक ओसरल्यावर मात्र ही यादी जरा खटकते. चारही चित्रपटांच्या मध्यभागी एक मुलगा आहे.

योगायोग म्हणावा, तर मागचा हिशेबही तसाच निघतो. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मराठीला पुन्हा सर्वोच्च मान मिळाला तो पन्नास वर्षांनी, ‘श्वास’ला. त्यानंतर राष्ट्रीय पुरस्कारांत गाजलेले ‘टिंग्या’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘एलिझाबेथ एकादशी’ हे सगळे पोरांच्या नजरेतून जग दाखवणारे. यातला ‘फँड्री’ वेगळा, कारण त्यातला जब्या शेवटी प्रेक्षकालाच दगड मारतो. बाकी ठिकाणी ही नजर दिग्दर्शकाच्या सोयीची ठरते. मुलाला प्रश्न पडतात, उत्तरं द्यायची जबाबदारी त्याच्यावर नसते. प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो.

‘नाळ २’चंही थोडं असंच झालंय. अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेला पहिल्या ‘नाळ’साठीही हाच पुरस्कार मिळाला होता, आणि दुसऱ्यांदाही तो हक्काचाच आहे. विदर्भातला चैत्या जन्मदात्या आईला भेटायला पश्चिम महाराष्ट्रात जातो, तेव्हा त्याचं बुजणं, रुसणं आणि धाकट्या बहिणीसमोर विरघळणं पोकळे विलक्षण सहजतेनं दाखवतो. पण दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी मुळात छायालेखक. हिरव्या डोंगरांचा मोह त्यांना आवरत नाही. मूल देऊन टाकणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय, हा चित्रपटातला सर्वांत अवघड प्रश्न त्या हिरवाईत हरवतो. त्याच दिवाळीत, त्याच दिवशी म्हणजे १० नोव्हेंबर २०२३ला लागलेला नवा ‘श्यामची आई’ कृष्णधवल आहे, नेटका आहे आणि फार अदबशीर आहे. अत्र्यांनी मूळ पुस्तकाशी केली तशी झटापट त्यात नाही. चारही चित्रपटांत उजवा ‘आत्मपॅम्फ्लेट’च. परेश मोकाशींच्या लेखणीनं शाळकरी प्रेमाच्या आडून मंडल आणि बाबरीच्या काळातली जात अशी काही हसत हसत उघडी केली आहे, की हसल्यानंतर अवघडायला होतं.

वर्धा जिल्ह्यातून पाहिलं, तर मुलांच्या या गर्दीत मोठ्या माणसांची, त्यातही बायांची वाट दिसते. पिंपरी मेघे इथं जन्मलेल्या, सेलू तालुक्यातल्या नवरगावला दिलेल्या चिंधीची, म्हणजे पुढच्या सिंधुताईंची गोष्ट अनंत महादेवन यांनी ‘मी सिंधुताई सपकाळ’मध्ये २०१०मध्ये पडद्यावर आणली. ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटानं चार मान मिळवले. पटकथेचा महादेवन आणि संजय पवार यांना, संवादांचा एकट्या पवारांना, गायनाचा सुरेश वाडकरांना आणि शिवाय परीक्षकांचा विशेष पुरस्कार. अमेरिकेच्या विमानप्रवासात भूतकाळ आठवण्याची युक्ती आज जुनाट वाटते. पण तेजस्विनी पंडित आणि ज्योती चांदेकर या खऱ्या आयुष्यातल्या मायलेकींनी एकच बाई दोन वयांत उभी केली, तीत कुठे सांधा दिसत नाही. गोठ्यात बाळंत होणारी, चितेच्या निखाऱ्यांवर भाकरी भाजणारी ही बाई कीव मागत नाही, हे या चित्रपटाचं मोठेपण.

त्याच सुमाराचा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आज पुन्हा पाहावा असा. २००६च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. त्या काळाची याहून चांगली नोंद मराठी पडद्यावर नाही. शेजारी फास घेतो, तेव्हा अलका (सोनाली कुलकर्णी) नवऱ्यावर पाळत ठेवायला पोराला सोबत धाडते. इथंही मूल आहे, पण त्याच्या निरागसतेचं भांडवल नाही. उलट त्या पाळतीतून काळा विनोद निघतो.

या सगळ्याच्या पुढे गेलाय जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, तिथलेच नवखे कलाकार, कापूस पिकवणारा बाप आणि एमपीएससीची तयारी करणारी सविता. सुरुवातीलाच बाजू उलटते: मुलगा समोर बसलेला आणि पोरी त्याला प्रश्न विचारताहेत. स्वप्न मोडतं, मग तेच नाव, तीच उंची, तेच छंद आणि तेच पोहे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती काहींना रटाळ वाटली. वाटणारच, सविता काही हौसेनं दर वेळी पाटावर बसत नाही. नंदिनी चिकटेच्या चेहऱ्यावरचा कंटाळा हळूहळू रागात बदलतो, तो कोणत्याही संवादापेक्षा जास्त बोलतो. कापसाला मिळणारा भाव आणि पोरीचं ठरणं या दोन बाजारांची गाठ सोमलकर भाषण न देता मारतात. वर्ध्याच्या माणसाला हे सांगायला समीक्षक लागत नाही. सविताला वर्गात स्त्री सक्षमीकरण शिकवणारे प्राध्यापकही या व्यवहारातून सुटलेले नाहीत.

टोरांटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०२३मध्ये ‘स्थळ’ला नेटपॅक पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहात तो आला ७ मार्च २०२५ला, म्हणजे दीड वर्षानं आणि नेमका महिला दिनाच्या आदल्या दिवशी. तारीख निवडणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. सविताच्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी त्याच प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं असतं.