शितावरून भात

पडद्यावर चित्र पूर्ण उघडण्याआधी नखाएवढं दिसतं, आणि पाहणारा थांबणार की पुढे सरकणार हे तिथंच ठरतं. म्हणून डिजिटल चित्रकार थंबनेलसाठी बहुधा चित्रातला सगळ्यांत बोलका तुकडा कापून घेतात. एखादा डोळा, नाहीतर अंधारात पेटलेली खिडकी. शितावरून भाताची परीक्षा. बीपलच्या ‘एव्हरीडेज : द फर्स्ट ५००० डेज’ची ओळख मात्र जगाला त्याच्या अख्ख्या रूपानं झाली, आणि ही निवड मला फार मोलाची वाटते.

बीपल म्हणजे माइक विंकेलमन. १ मे २००७ पासून त्यानं रोज एक चित्र पूर्ण करून इंटरनेटवर टाकलं. पाच हजार दिवसांची ही चित्रं चौकोनी चौकटींत, ढोबळ कालक्रमानं शेजारी शेजारी बसवली. तयार झालं २१,०६९ बाय २१,०६९ पिक्सेलचं एकच चित्र. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ते सुमारे ६.९३ कोटी डॉलरना विकलं गेलं.

आता तेच तीनशे पिक्सेलचं करून पाहा. एका ओळीत सत्तरेक चौकटी, म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम चार पिक्सेलची बाजू. तेवढ्यात चेहरा मावत नाही, राजकीय टोमणाही नाही. उरतो त्या दिवसाचा रंग. समोर येतं खरखरीत विणीचं कापड, ज्याला ना मध्य ना केंद्रबिंदू. नजर वेधण्याचे सगळे नियम मोडलेले. तरी बोट थबकतं, कारण ती खरखरच सांगते की आत माणसं आहेत, घरं आहेत, काहीतरी घडतंय.

शेवटच्या वर्षांतलं एखादं झगझगीत त्रिमितीय दृश्य निवडलं असतं, तर लोक अधिक लवकर थांबले असते. पण मग सुरुवातीची हातानं काढलेली, अडखळती रेखाटनं शोभेची झाली असती. इथं पहिल्या दिवसाच्या कच्च्या रेषेलाही शेवटच्या दिवसाच्या सफाईइतकीच जागा मिळते. एकही दिवस न चुकणं हाच या कामाचा विषय, आणि तो या ठिपक्यांच्या समतेत जितका दिसतो तितका कुठल्याही एका चौकटीत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. यातली काही चित्रं बीभत्स आहेत, काही स्त्रियांना हिणवणारी. समीक्षकांनी त्यांवर बोट ठेवलं तेही योग्यच. लहान आकारात तीही नुसते ठिपके होतात, निरागस. त्यामुळे हे थंबनेल पाहून थांबणं पुरत नाही, आत जावंच लागतं. मोठं करत गेलं की एका ठिपक्याचा अचानक चेहरा होतो, आणि तोवर बाकीचे हजारो दिवस पडद्याबाहेर गेलेले असतात.