‘स्थळ’ आणि उत्कर्ष : एका प्रमेयाचे परीक्षण

विवाह आणि पिढ्यांमधील आर्थिक स्थित्यंतर यांच्या संबंधाविषयी कैवान मुन्शी व मार्क रोझेन्झ्वाइग यांनी २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये मांडलेले प्रमेय मराठी अभ्यासकांनी विशेष विचारात घ्यावे असे आहे, कारण दादर येथील मराठी कुटुंबांची पाहणी हाच त्याचा आधार आहे. कष्टकरी जातींतील पुरुषांना जातभाईंच्या ओळखीने कामे मिळत; म्हणून मुलगे मराठी शाळेत व तेथून परंपरागत व्यवसायात जात. मुलींना या ओळखींचा लाभ नव्हता. म्हणूनच त्या इंग्रजी माध्यमाकडे अधिक मोकळेपणाने वळल्या. सजातीय विवाहाने हे जाळे टिकते; मुलामुलींच्या शिक्षणातील विषमतेमुळे ते पुढे सैल होईल, असा लेखकद्वयाचा तर्क आहे.

यातील पूर्वार्ध पटण्याजोगा आहे. शाळेचे माध्यम हे केवळ भाषेचे नव्हे, तर ओळखीच्या वर्तुळाचेही निदर्शक असते, हे त्यातून दिसून येते. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावा लागतो. मराठीत विवाहयोग्य वरास वा वधूस ‘स्थळ’ म्हणतात. या शब्दात व्यक्तीबरोबर तिचे घराणे, गाव व राहती जागाही अभिप्रेत असते. जात तीच ठेवून स्थळ बदलता येते, ही शक्यता सदर प्रमेयात गौण राहते.

या दृष्टीने ठाणे व कल्याण-डोंबिवलीचा दाखला महत्त्वाचा आहे. रेल्वे ठाण्यास १८५३ मध्ये व कल्याणास १८५४ मध्ये पोचली. पुढे मुंबईच्या चाळींतील अनेक कुटुंबे याच मार्गावर स्थिरावली. तेथे शिकलेल्या मुलीस माहेरच्या वस्तीबाहेरचा, परंतु जातीतलाच, नोकरदार वर मिळू शकतो. दोघांच्या वेतनावर घराचे कर्जही फिटू शकते. अशा संसारात उत्कर्ष साधतो, परंतु जातीचे बंधन सुटत नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. देशाची सरासरी एका उपनगरास लावणे युक्त नव्हे. तथापि शिक्षणाने जातिबंध आपोआप शिथिल होतात, या समजुतीस तीतून पुष्टी मिळत नाही.

याहून मूलभूत प्रश्न मापनाचा आहे. पिढ्यांमधील उत्कर्ष मोजण्याच्या रूढ पद्धतीत बापाच्या वेतनाशी मुलाच्या वेतनाची तुलना होते. मुलगी त्या हिशेबाबाहेर राहते. इंग्रजी शिकलेली मुलगी विवाहानंतर नोकरी सोडते, तेव्हा तिचे शिक्षण तिच्या स्वतःच्या उत्कर्षाचे साधन ठरते, की केवळ चांगल्या स्थळाचे मोल? या प्रश्नाचा निर्णय झाल्यावाचून प्रस्तुत प्रमेय पूर्णत्वास जाणार नाही.