सखीच्या जागेवरून

फाल्गुनी पाठकच्या गाण्यांतले दागिने एकत्र केले तर सराफाचं छोटंसं दुकान थाटता येईल. 1998 साली हातातली बांगडी खणकली, 1999 साली पैंजण वाजलं, 2000 साली ओढणी वाऱ्यावर उडाली. ‘याद पिया की आने लगी’, ‘मैंने पायल है छनकाई’ आणि ‘मेरी चुनर उड़ उड़ जाए’ ही तीन गाणी लागोपाठच्या तीन वर्षांत आली आणि घराघरांतल्या टीव्हीवर ठाण मांडून बसली. हे सगळं गाणारी बाई मात्र शर्ट-पँटमध्ये, केस आखूड कापलेले, बांगड्या-पैंजणांचा पत्ता नाही. तिच्यावर कुणी काही लिहिलं-बोललं की पहिलं बोट या विसंगतीवर ठेवलं जातं आणि ‘टॉमबॉय’ एवढं म्हणून विषय मिटतो. मला वाटतं, तिच्या गाण्याचं मर्म इथेच आहे. फक्त ते कपड्यांत शोधून सापडत नाही, गाण्यात शोधावं लागतं.

आधी शब्दांचं बोलू. ते साधे आहेत, चक्क नेहमीचे. पिया, सावन, भिजलेल्या रात्री, शेकडो गाण्यांत वापरून गुळगुळीत झालेला ऐवज. त्याच सुमारास, 2000 साली, ‘मन के मंजीरे’ आलं होतं. गायिका शुभा मुद्गल, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. त्याच्या व्हिडिओत ट्रक चालवणारी मिता वशिष्ठ होती. ते गाणं बाईच्या मोकळेपणाबद्दल आहे आणि तसं ते उघड सांगतं. फाल्गुनीच्या गाण्यात असलं काही नाही. तिची नायिका ट्रक चालवत नाही, घर सोडत नाही, फार तर गच्चीवर जाते. कागदावर उतरवून वाचलं तर यात बाईच्या बळाचं काही आहे असं कुणी म्हणणार नाही.

पण गाणं कागदावर राहत नाही. पहिल्या गाण्यात बांगडी आपोआप खणकते आणि मुलगी आठवणीत ओढली जाते. जे घडतं ते तिच्या बाबतीत घडतं. वर्षभरानं आलेल्या पैंजणाच्या गाण्यात गोष्ट फिरली आहे. इथे पैंजण मुलगी स्वतः वाजवते, मुद्दाम. माझं काम मी केलं, आता तू ये, असा तिचा हिशेब आहे. वर प्रियकराला लाडानं ठपकाही. ललित सेन यांची चाल इथे मोठं काम करते. मुखडा छोट्या छोट्या उड्यांत चालतो, कुठेही लांब ओढ नाही, आणि प्रत्येक तुकडा ठेक्याच्या खांद्यावर नीट येऊन बसतो. विनवणीला लांब स्वर लागतो. या चालीत तो नाहीच, त्यामुळे गाणारीला गयावया करायची सोय उरत नाही. तिसऱ्या गाण्यात पुन्हा ओढणी हातातून सुटते. म्हणजे नायिका पायरीपायरीनं धीट होत गेली असा सरळ आलेख काढता येणार नाही, आणि काढूही नये. बाजारासाठी केलेली गाणी होती ती. पण तिन्हीत आवाज एकच आहे आणि तो कुठेही अजिजीवर येत नाही.

हा आवाज नीट ऐकण्यासारखा आहे. हिंदी सिनेमानं नायिकेसाठी जो स्वर प्रमाण मानला तो उंच, बारीक, रेशमी. फाल्गुनीचा आवाज मधल्या पट्टीत मोकळा सुटतो, छातीतून येतो, स्वर सरळ लावतो. मुरक्या आहेत, पण लोकगीतात असतात तेवढ्याच, शब्दाच्या टोकाला चिमूटभर. कंप जवळपास नाही. व्यंजनं ती ठसठशीत म्हणते. ‘छनकाई’ गाताना ‘छ’वर जो हलका आघात येतो त्यात घुंगराचा आवाज आहे, मागे वाद्यांनी वेगळं घुंगरू वाजवलं नसतं तरी चाललं असतं. प्रेमात पडलेल्या मुलीचा हा आवाज वाटत नाही. त्या मुलीची गोष्ट जिला आतून ठाऊक आहे आणि जी ती सगळ्यांसमोर बिनधास्त सांगते आहे, अशा मैत्रिणीचा वाटतो.

व्हिडिओंनी ते डोळ्यांना दाखवलं. ‘याद पिया’मध्ये झुरणारी नायिका रिया सेन आहे, ‘चुनर’मध्ये आयेशा टाकिया आणि त्रिशा आहेत. फाल्गुनी तिथेच कुठेतरी बाजूला, गात असते. प्रेमकथा तिची नाही, पण तिच्या तोंडून आल्याशिवाय ती कथाही नाही. ‘चुनर’च्या व्हिडिओत तर प्रियकरापेक्षा लक्षात राहतात त्या दोघी मुली. आपल्या परंपरेत ही जागा जुनी आहे. राधेच्या मनातलं कृष्णाला सांगायला सखी लागते. गुजराती गीतांत तर ‘सैयर’, म्हणजे मैत्रीण, हिला उद्देशून गाण्याची रीतच आहे. राजेंद्र शाहांच्या ‘इंधणा वीणवा गई’ती’ या कवितेत चैत्राच्या भर दुपारी सरपण वेचायला गेलेली मुलगी काय वाटलं ते मैत्रिणीलाच सांगते. फाल्गुनीनं ते गीतही गायलं आहे. तिथे सैयर ऐकणारी असते. फाल्गुनीच्या अल्बमांत तीच सैयर गाऊ लागली आहे.

मात्र अल्बम ऐकून फाल्गुनी कळली असं समजणं म्हणजे नाट्यसंगीताच्या तबकड्या ऐकून नाटक पाहिलं असं म्हणणं. तिची खरी जागा गरब्याचं मैदान. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली ही उपनगरं नवरात्रात तिच्या नावानं बोलतात. मालाडच्या नटराज मार्केटात आधीपासून चणिया-चोळीची खरेदी, मग नऊ रात्री बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात आरशांचे घागरे, खांद्याला लटकवलेल्या दांडिया आणि खाली स्पोर्ट्‌स शूज. त्या डब्यात तिला ‘फाल्गुनी पाठक’ असं पूर्ण नावानं कुणी म्हणत नाही. ‘फाल्गुनीबेन’.

मैदानातल्या तिच्या गाण्यातला रस उभं राहून ऐकणाऱ्याला निम्माच कळतो, कारण ते गाणं पायांसाठी केलेलं असतं. गरब्याचा मूळ ठेका हींच, सहा मात्रांचा, तीन-तीनच्या झोक्यात. आपल्या कानाला तो दादरा-खेमट्याच्या घरातला वाटतो. बे ताळी, त्रण ताळी हे टाळ्यांचे गरबे. वर्तुळातली बाई पुढे जाते, आत झुकते, टाळी देते, मागे सरते. गायिकेनं ओळ अशी टाकायची की टाळी शब्दाखाली चिरडली जाऊ नये. फाल्गुनी ओळीचं शेवटचं अक्षर केसभर आधी सोडते. त्या फटीत हजारो हातांची टाळी पडते आणि गाण्याचाच भाग होते. हे शिकवून येत नाही. वर्षानुवर्षं नाचणाऱ्यांकडे तोंड करून गायल्यानं येतं. दुसरी गोष्ट म्हणजे सांधा. एक गरबा संपून दुसरा सुरू झाला हे पायांना कळता कामा नये. ती पहिल्याच्या शेवटच्या सुरावर दुसऱ्याचा पहिला शब्द ठेवते, ढोलवाला मधे श्वासही घेत नाही, आणि वर्तुळ फिरतच राहतं.

या अखंडपणाला एक रुक्ष कारणही आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केले. सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि त्यातले दोन-तीन नवरात्राच्या वाट्याला येतात. पूर्वी जेवणं आटोपून सुरू होणारा आणि पहाटेपर्यंत चालणारा गरबा आता संध्याकाळी सात-साडेसात ते दहा एवढ्यात बसवावा लागतो. आळसावून गायला वेळच नाही. कलेचं यात नुकसान झालं असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. फाल्गुनीच्या मांडणीला जो आटोपशीर कस आहे तो काही अंशी या घड्याळानंच दिला.

‘पंखीडा’ हे पारंपरिक गीत ती गाते तेव्हा सगळे धागे एकत्र येतात. पक्ष्याला पावागडावर धाडायचं, महाकालीला गरब्याचा निरोप द्यायला. मग एकेका कडव्यात गावातल्या कारागिरांना हाक: आईसाठी चुडा आण, आईसाठी गरबा, म्हणजे दिव्याचा मातीचा घट, घडव. बांगडी इथे आधी देवीची आहे. ती प्रियकराच्या आठवणीनं खणकू लागली ती फार नंतर, अल्बमांच्या दुनियेत. एकाच बाईच्या तोंडून दोन्ही ऐकली की अल्बममधली बांगडीही जरा वेगळी वाजते. हे गीत फाल्गुनी शांतपणे उचलते, लय हळूहळू चढवते, आणि कारागिरांना हाक देताना तिचा आवाज चक्क हुकमाचा होतो. कुंभाराला, कासाराला, मैदानातल्या साऱ्यांना. विनंतीच्या ओळी आणि हुकमाचा स्वर.

मराठी घरातल्या मुलींना हे परकं वाटू नये. नवरात्राच्याच दिवसांत आपला भोंडला असतो. पाटावर हत्ती, भोवती फेर, सासर-माहेरची गाऱ्हाणी, शेवटी खिरापत ओळखायची. तिथेही बाई बाईलाच सांगते. फरक एवढाच की भोंडल्याला गायिका नसते, सगळ्याच गातात. तो चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या आवारात राहिला. गरब्यानं मैदान घेतलं, तिकीट लावलं, आणि मधोमध एक बाई उभी केली. गरब्याला डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. भोंडला अजून हत्तीभोवतीच फिरतो आहे.

गुजराती लोकगीतात फाल्गुनीच्या आधी मोठं नाव दिवाळीबेन भील यांचं. डोक्यावरचा पदर न ढळू देता त्या गायल्या, 1990 साली पद्मश्री झाल्या. त्यांच्या आवाजात रानाचा करकरीत दाणा होता, फाल्गुनीकडे तो नाही. फाल्गुनीचा आवाज शहरात वाढलेला, माइकची सवय असलेला. पण पदर असो की शर्ट, दोघींनी नायिका दिसण्याची अट मानली नाही आणि ऐकणाऱ्यांनीही ती घातली नाही. लोकगीताचं हे मोठं देणं आहे. सिनेमात आवाजाला चेहरा उसना घ्यावा लागतो, फेरात लागत नाही.

सगळंच वाखाणण्याजोगं नाही. मैदानातल्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात येणाऱ्या सिनेगीतांच्या मालिका हा मला भराव वाटतो. ऑक्टोपॅडचा मारा वाढतो, आवाजावर घुमाऱ्याचा थर चढतो आणि ठसठशीत व्यंजनं, तिची खरी दौलत, त्यात विरघळतात. तरुण मुलं तिथेच जास्त उसळतात हेही खरं. मागणी तसा पुरवठा.

2022 च्या सप्टेंबरात, करोनानंतर मैदानं पुन्हा उघडत असताना, ‘पायल’ची नवी आवृत्ती ‘ओ सजना’ नावानं नेहा कक्करच्या आवाजात आली. फाल्गुनीनं नाराजी उघड बोलून दाखवली. पण गाण्याचे हक्क तिच्याकडे नसल्यानं कायद्यानं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्या काळच्या बहुतेक गायिकांची हीच गत आहे. गाणं नावानं ओळखलं जातं, मालकी कंपनीची. नव्या आवृत्तीवर श्रोते एवढे का भडकले, हा प्रश्न रसिकाचा आहे. केवळ आठवणींचा जिव्हाळा हे उत्तर मला अपुरं वाटतं. नवी आवृत्ती सफाईदार आहे, स्वर पक्का आहे. पण त्यात गाणारी स्वतःच नायिका झाली आहे, पैंजणही तिचं आणि रुसवाही तिचा. गोष्ट सांगणारी मैत्रीण त्यातून उठून गेली. त्याच नवरात्रात बोरिवलीच्या चिकूवाडीतल्या मैदानावर फाल्गुनी गात होती, वय त्रेपन्न, आवाज पूर्वीपेक्षा थोडा जाड झालेला. जाड झाल्यानं त्याचं काही बिघडलं नाही. सोळा वर्षांची नायिका दिसण्याचं ओझं त्या आवाजावर कधी नव्हतंच, त्यामुळे वयानं त्याच्याकडून काढून घेण्यासारखं फारसं काही नव्हतं.