उच्चाराचा अधिकार : ब्रिटिश चित्रपट, लोकप्रिय गीत आणि समीक्षा

१९२९ साली आल्फ्रेड हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ हा चित्रपट मूकपट म्हणून तयार होत असतानाच त्याचा बोलपट करण्याचे ठरले. नायिका लंडनमधील एका तंबाखूविक्रेत्याची मुलगी. ती भूमिका करणारी आनी ओंद्रा मात्र चेक वळणाचे इंग्रजी बोलणारी. आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. म्हणून ओंद्राने कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे आणि चौकटीबाहेर उभ्या असलेल्या जोन बॅरीने संवाद म्हणायचे, अशी तोड काढण्यात आली. बॅरीचे उच्चार मात्र शिष्ट, वरच्या वर्गाला साजेसे होते. परिणामी दुकानदाराची मुलगी पडद्यावर दिसली, पण तिच्या तोंडून बोलला तो दुसराच वर्ग. परदेशी उच्चार निर्मात्यांना अडचणीचा वाटला. परवर्गीय उच्चार तसा वाटला नाही.

चित्रपट आणि लोकप्रिय संगीत यांनी विसाव्या शतकातील ब्रिटिश समाज कसा घडवला, हा प्रश्न बहुधा आशयाच्या अंगाने विचारला जातो. या माध्यमांनी कोणती मूल्ये रुजवली, कोणती मोडली, अमेरिकेचे अनुकरण किती वाढवले, अशी ही चर्चा असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, अधिक खोल परिणाम उच्चाराच्या पातळीवर घडला. कोणत्या बोलीने गंभीरपणे ऐकले जावे, याची समाजातील वाटणीच या माध्यमांनी बदलली. आणि छापील पानावर पोसलेल्या समीक्षेला ते फार उशिरा ऐकू आले.

बीबीसीने १९२६ साली उच्चारित इंग्रजीसाठी सल्लागार समिती नेमली. १९३० साली एफ. आर. लीव्हिस यांचे ‘मास सिव्हिलायझेशन अँड मायनॉरिटी कल्चर’ प्रसिद्ध झाले. समिती उच्चाराचे प्रमाण राखू पाहत होती, लीव्हिस अभिरुचीचे. लीव्हिस यांच्या लेखी चित्रपट म्हणजे प्रेक्षकाला गुंगीत ठेवून स्वस्त भावना जागवणारे यंत्र होते. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. परंतु त्या यंत्रातून कोण बोलू लागले आहे, हा प्रश्न त्यांच्या समीक्षादृष्टीत बसत नव्हता.

१९३४ सालच्या ‘सिंग अ‍ॅज वी गो’ या चित्रपटात लँकेशायरमधील रॉचडेलची ग्रेसी फील्ड्स बंद पडलेल्या गिरणीतील बेकार कामगार स्त्री झाली आहे. तिची बोली येथे झाकलेली नाही. तीच चित्रपटाचे आकर्षण आहे. मात्र या आवाजाला दिलेले काम पाहण्याजोगे आहे. शेवटी गिरणी पुन्हा सुरू होते आणि कामगार गात गात आत शिरतात. बेकारीचा प्रश्न गाण्यात विरघळतो. श्रमिकाचा स्वर ऐकू येऊ लागला, पण तो धीर देण्यापुरता. जाब विचारण्यासाठी नव्हे.

१९४६ साली ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांची १६३ कोटींहून अधिक तिकिटे खपली. ही या माध्यमाची सर्वोच्च लोकप्रियता. आदल्याच वर्षीच्या डेव्हिड लीनच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्ये भावनांची वाटणी अगदी स्वच्छ दिसते. शिष्ट उच्चारांच्या जोडप्याच्या वाट्याला अंतर्द्वंद्व आणि रॅखमानिनॉफचे संगीत; स्टेशनवरील कर्मचाऱ्यांच्या वाट्याला विनोद. दुःखालाही येथे उच्चाराची अट आहे. ही अट कारेल राइझच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ (१९६०) या चित्रपटाने मोडली. नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यातला आर्थर सीटन हा विनोदाचा विषय नाही आणि करुणेचाही नाही. तो चित्रपटाचे केंद्र आहे. या मुक्तीला पुरुषी मर्यादा होती, हेही नोंदवले पाहिजे. आर्थरच्या आयुष्यातील स्त्रियांना त्याच्या बेदरकारपणाची किंमत मोजावी लागते. सॅलफर्डच्या शीला डिलेनीच्या नाटकावरून निघालेल्या ‘अ टेस्ट ऑफ हनी’ने (१९६१) ती बाजू थोडीफार भरून काढली.

समीक्षेच्या बाजूने या संदर्भात रिचर्ड हॉगार्ट यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. लीड्सच्या श्रमिक वस्तीत वाढलेल्या हॉगार्ट यांनी ‘द यूजेस ऑफ लिटरसी’मध्ये (१९५७) आपल्या माणसांची बोली, म्हणी, क्लबातले गाणे यांची नोंद विलक्षण आस्थेने केली. पण दूधकेंद्रांत ज्यूकबॉक्सभोवती जमणाऱ्या तरुणांजवळ येताच त्यांची आस्था आटली. तेथील उसन्या अमेरिकन ढंगात त्यांना केवळ पोकळी दिसली. त्याच १९५७ च्या जुलैत लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील चर्चच्या जत्रेत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी प्रथम भेटले. हॉगार्ट यांना जे अनुकरण वाटले, त्यातूनच एक नवा स्वर तयार होत होता.

हा स्वर सरळ नव्हता. भाषावैज्ञानिक पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीटल्सच्या गायनातील स्वरानंतरचा ‘र्’ तपासला. हा अमेरिकन वळणाचा उच्चार त्यांच्या गाण्यांत साठीच्या दशकात क्रमाने कमी होत गेल्याचे त्यांना आढळले. बोलताना मात्र हे तरुण पहिल्यापासून लिव्हरपूलचेच होते, आणि ‘अ हार्ड डेज नाइट’ने (१९६४) ते बोलणे जगभर पोचवले. म्हणजे परक्या आवाजातून जात जात त्यांना गाण्यात आपला आवाज सापडला. अनुकरण आणि अस्सलपणा यांना परस्परविरोधी मानणाऱ्या समीक्षेला ही प्रक्रिया समजणे कठीण होते.

तथापि उसना आवाज मूळ मालकाला हक्क देतोच असे नाही. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’मधून टिलबरीला उतरलेल्या लॉर्ड किचनर या कॅलिप्सो गायकाने पाथेच्या वार्तापटासाठी लंडनचे गुणगान गायले होते. पुढे १९७६ साली, कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर ज्याची कारकीर्द उभी होती त्या एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध उद्गार काढले. त्याच्या प्रतिक्रियेतून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’ या कृष्ण-गौर वादकांच्या संचाचे ‘घोस्ट टाउन’ जुलै १९८१ मध्ये, ब्रिटिश शहरांत दंगली पेटल्या असताना, विक्रीत अग्रस्थानी होते. येथे गिरणी पुन्हा सुरू होत नाही, गाणे धीर देत नाही. ग्रेसी फील्ड्सच्या चित्रपटाला हे जणू अर्धशतकानंतरचे उत्तर आहे. गुरिंदर चढ्ढांच्या ‘आय’म ब्रिटिश बट...’ (१९८९) या अनुबोधपटात तर दक्षिण आशियाई वंशाचे तरुण ब्रिटनच्या वेगवेगळ्या प्रांतांच्या बोलीत बोलतात आणि पार्श्वभूमीला भांगडा वाजतो. उच्चारावरून वर्ग आणि चेहऱ्यावरून राष्ट्र ओळखण्याची सवय येथे अडखळते.

स्टुअर्ट हॉल आणि बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्राने समीक्षेला या दिशेने वळवले, हे खरे. तरीही पॉल गिलरॉय यांना १९८७ साली रेमंड विल्यम्स यांच्याही राष्ट्रकल्पनेत कृष्णवर्णीय ब्रिटिशांना जागा नसल्याचे दाखवून द्यावे लागले. श्रमिकांसाठी उघडलेला कानही सर्वांसाठी उघडा नव्हता.

यावर आक्षेप येईल की, बाजाराने हे सारे आवाज विकत घेतले आणि सत्ता होती तेथेच राहिली. आक्षेप रास्त आहे. ‘घोस्ट टाउन’ अग्रस्थानी गेल्याने कॉव्हेंट्रीतील कारखान्यांचे रोजगार परत आले नाहीत. ऐकले जाणे म्हणजे सत्ता मिळणे नव्हे. पण ज्याचे ऐकलेच जात नाही त्याला सत्तेची मागणीही करता येत नाही. म्हणून लोकप्रिय कृतीचे मूल्यमापन करताना ‘काय म्हटले’ याबरोबर ‘कोणाच्या तोंडून, कोणाच्या आवाजात’ हेही विचारले पाहिजे. लीव्हिस यांच्या परंपरेत इंग्रजी साहित्य शिकलेल्या आपल्या विद्यापीठांतील वाचकालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. चौकटीबाहेर उभी असलेली जोन बॅरी ‘ब्लॅकमेल’च्या प्रेक्षकाला दिसत नव्हती, समीक्षकाला ती दिसली पाहिजे.