अष्टपादाचें भाकीत आणि रसिकांची टीका

वाङ्मय म्हणजे छापलेलें आणि बांधलेलें पुस्तक, ही समजूत आम्हां सुशिक्षितांच्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं, जें केवळ बोललें जातें आणि बोलून विरून जातें, त्याकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहावें असें आमच्यापैकीं फार थोड्यांस सुचतें. लावणी व भारूड यांची आठवण आम्हांस उशिरां झाली, पण झाली. आतां मी ज्या एका बोलक्या प्रकाराविषयीं लिहिणार आहें, त्यास वाङ्मयाच्या जवळ बसविल्याबद्दल माझे कांहीं मित्र भुंवया उंचावतील. तो प्रकार म्हणजे फुटबॉलच्या विश्वचषकाविषयीं रसिकांमध्यें चालणारी चर्चा.

कोल्हापुरांत ज्यांनीं कांहीं वर्षें काढलीं आहेत त्यांस हा खेळ परका वाटत नाहीं. कुस्तीसाठीं निघालेल्या तालमींच्या नांवांनींच येथें फुटबॉलचे संघ उभे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हीं नांवें शाहू स्टेडियमवर जितक्या त्वेषानें पुकारलीं जातात, तितक्याच त्वेषानें चार वर्षांतून एकदां ब्राझील आणि अर्जेंटिना हीं नांवें येथील पेठांतून ऐकूं येतात. माझ्या घराजवळच्या चहाच्या गाड्यावर या दोन देशांचे कडवे अभिमानी रोज भेटतात. त्यांपैकीं एक रिक्षा चालवितात, दुसरे चांदीचे कारागीर आहेत, आणि बाकीचीं पोरें महाविद्यालयांतून माझ्याच समोर जांभया देत असतात. वर्गांत न उघडणारीं त्यांचीं तोंडें गाड्यापाशीं उघडतात.

येथें एकदां १९८६ सालच्या एका सामन्यावर वाद चालला होता. २२ जून रोजीं मेक्सिको शहरांत मॅराडोनानें इंग्लंडविरुद्ध दोन गोल केले. ५१ व्या मिनिटाचा गोल त्यानें हातानें केला आणि पंचाच्या तें ध्यानांत आलें नाहीं. त्यानंतर चारच मिनिटांनीं स्वतःच्या अर्ध्या मैदानांतून चेंडू घेऊन निघून, वाटेंतील खेळाडूंस एकामागून एक चकवीत त्यानें दुसरा गोल केला. इंग्लंडच्या बाजूनें बोलणारा एक विद्यार्थी म्हणाला कीं, पहिल्या गोलानें ते लोक भांबावले नसते तर दुसरा झालाच नसता. सबब दोन्ही गोल एकाच चोरीचे. त्यावर कारागीर मजकडे वळून म्हणाले, “सर, चोरलेल्या पैशांतनं कुणी देऊळ बांधलं, तर देऊळ पाडायचं व्हय?” कर्त्याच्या शीलावरून कृतीची किंमत करावी कीं नाहीं, हा प्रश्न मी गेलीं अनेक वर्षें वर्गांत शिकवीत आहें, इतक्या थोड्या शब्दांत मला तो मांडतां आलेला नाहीं.

रसिकांच्या चर्चेचा गुण हा असा आहे. तींत अतिशयोक्ति फार आणि पक्षपात त्याहून फार; परंतु प्रत्येक मतास कारण द्यावें लागतें. जुन्या सामन्याचा दाखला चुकीचा दिला, तर तो दुरुस्त करणारा कोणीतरी तेथेंच बसलेला असतो. मासिकांतून येणाऱ्या पुष्कळशा पुस्तकपरीक्षणांस एवढी शिस्त नसते. (प्रस्तुत मासिकाच्या संपादकांनीं हें वाक्य ठेवलें तर मी त्यांचा ऋणी होईन.)

या चर्चेंत २०१० सालीं एक नवें पात्र शिरलें. जर्मनींतील ओबरहाउझेन येथील मत्स्यालयांत पॉल नांवाचा एक अष्टपाद, म्हणजे ज्यास आपण ऑक्टोपस म्हणतों तो सागरी प्राणी, ठेवलेला होता. सामन्यापूर्वीं त्याच्या कांचेच्या हौदांत दोन पेट्या सोडीत. प्रत्येकीवर एका देशाचा ध्वज असे, आंत शिंपल्यांतील मांसाचा घांस असे, आणि ज्या पेटींतील घांस तो आधीं खाई तो देश विजयी, असें समजावयाचें. दक्षिण आफ्रिकेंत झालेल्या त्या वर्षींच्या विश्वचषकांत जर्मनी सात सामने खेळली. सातही निकाल त्याचे बरोबर आले, आणि स्पेन व नेदरलँड्स यांच्यामधील अंतिम सामन्याचाही आला. आठांत आठ. नाणें आठ वेळां उडवून आठही वेळां बरोबर सांगण्याचा योग २५६ मध्यें एक, हें गणित तेव्हां शाळकरी पोरांस देखील पाठ झालें होतें.

विद्वानांनीं यावर एकच शिक्का मारला: अंधश्रद्धा. इराणचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनींही पाश्चात्त्यांच्या ऱ्हासाची खूण म्हणून या प्राण्याकडे बोट दाखविलें होतें, म्हणजे आमचे विद्वान् मित्र या बाबतींत मोठ्या पंक्तीस बसले होते. मला हा निकाल उथळ वाटतो. गाड्यावरील एकाही माणसानें पॉलच्या भरंवशावर आपला पक्ष बदललेला मीं पाहिला नाहीं. लहानपणीं आमच्या दारीं नंदीबैल येई. “पाऊस पडेल काय?” असें विचारलें कीं तो मान डोलावी, आणि आजी त्यास सुपांतून धान्य घाली, परंतु त्या मानेवर विसंबून तिनें कधीं उन्हांतलें वाळवण आंत घेतलें नाहीं. नंदीबैलाचें उत्तर हें ज्ञान नसून दारीं आलेला एक खेळ आहे, हें तिला पक्कें ठाऊक होतें.

तरीही नंदीबैल आणि पॉल यांत एक भेद आहे, आणि पॉलच्या लोकप्रियतेचें मर्म त्यांतच असावें. नंदीबैलाची मान मालकाच्या इशाऱ्यावर हालते, आणि मालकाचें लक्ष सुपाकडे असतें. पॉलला कोणाकडून कांहीं नको होतें. ज्या जगांत प्रत्येक बोलणारा कोणत्या तरी ध्वजाखालीं उभा आहे, तेथें ज्याला कोणताच देश नाहीं असा एक साक्षीदार रसिकांस हवा होता. पुढें २०१८ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयांतील एका पांढऱ्या मांजराकडे हें काम आलें. तें मांजर जन्मतः बहिरें होतें! निःपक्षपातीपणाची याहून शुद्ध कल्पना कोणा कादंबरीकारास सुचली असती असें मला वाटत नाहीं.

माझी तक्रार निराळी आहे. १८ जून २०१० रोजीं जर्मनी सर्बियाकडून एका गोलानें हरली. क्लोझेला ३७ व्या मिनिटास मैदानाबाहेर काढण्यांत आलें. पुढच्याच मिनिटास सर्बियाचा गोल झाला. आणि उत्तरार्धांत पोडोल्स्कीनें पेनल्टी दवडली. या तीन घटनांवर त्या संध्याकाळीं गाड्यावर उत्तम चर्चा झाली. पंच अधिक कडक होता काय, दहा जणांनीं खेळावें कसें, पेनल्टी कोणी मारावयास हवी होती, असे कितीतरी प्रश्न निघाले. परंतु ७ जुलैच्या उपांत्य सामन्यापूर्वीं तीच मंडळी जमलीं, तेव्हां रंग पालटला होता. म्युलर त्या सामन्यास मुकणार होता, आणि त्याच्यावांचून जर्मनीची उजवी बाजू काय करील हा खरा प्रश्न होता. एका पोरानें तो काढलाही. लगेच दुसरा म्हणाला, “पॉलनं स्पेन सांगितलंय,” आणि सारे हंसले. म्युलर तेथेंच राहिला. त्या मध्यरात्रीं पुयोलनें ७३ व्या मिनिटास डोक्यानें गोल करून पॉलला खरें ठरविलें; परंतु ज्या शावीच्या कॉर्नरवर तो गोल झाला, त्याविषयीं दुसऱ्या दिवशीं एक अक्षरही मला ऐकूं आलें नाहीं. अष्टपाद कोण जिंकणार तें सांगतो; कां, तें सांगत नाहीं. आणि त्या ‘कां’वरच तर हें सारें संभाषण उभें होतें.

शिवाय या कथेची स्मरणशक्ति लबाड आहे. २००८ सालच्या युरोपीय स्पर्धेंत याच पॉलनें जर्मनीच्या सहा सामन्यांपैकीं दोहोंबाबत चूक केली होती, आणि त्यांतील एक तर अंतिम सामना होता. सिंगापूरच्या भारतीय वस्तींतील मणि नांवाचा एक पोपट, आपल्याकडील ज्योतिषाच्या पोपटाचाच भाऊबंद, २०१० मध्यें उपांत्यपूर्व फेरीचे चारही निकाल बरोबर सांगून गाजला. अंतिम सामन्यास त्यानें नेदरलँड्सची चिठ्ठी उचलली आणि तो विस्मृतींत गेला. इतके प्राणी इतक्या ठिकाणीं घांस खात असतां त्यांपैकीं एखाद्याचे आठही बरोबर यावेत यांत नवल तें काय? जर्मनी, सर्बिया आणि स्पेन या तिघांचेही ध्वज आडव्या पट्ट्यांचे आहेत, आणि रंग न ओळखणाऱ्या अष्टपादास आडव्या आकृति ओढीत असाव्यात, अशीही एक उपपत्ति तेव्हां मांडली गेली होती. मला ती फार आवडली. निदान तींत एक ‘कां’ आहे.

पॉल त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेला. त्याच्या जातीचें आयुष्य मुळांतच फार थोडें. त्याच्या वारसांपैकीं एकाचीच हकीकत येथें सांगतों. जपानांतील होक्काइडो बेटावरील ओबिरा येथें २०१८ सालीं राबियो नांवाच्या अष्टपादानें जपानच्या साखळींतील तिन्हीं सामन्यांचीं भाकितें केलीं: एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. तिन्हीं खरीं ठरलीं. परंतु ज्या कोळ्यानें त्यास पकडलें होतें त्याचा धंदा मासे विकण्याचा होता, आणि बाद फेरी सुरू होण्यापूर्वींच राबियो बाजारांत गेला.

त्यामुळें २ जुलैस बेल्जियमशीं गांठ पडली तेव्हां जपानला भविष्य सांगणारा तो उरला नव्हता. जपाननें दोन गोलांची आघाडी घेतली, बेल्जियमनें ते दोन्ही गोल फेडले, आणि अगदीं अखेरच्या क्षणीं होंडानें मारलेला कॉर्नर गोलरक्षक कुर्त्वाच्या हातांत गेला. तेथून निघालेला चेंडू कांहीं सेकंदांत जपानच्या जाळ्यांत होता. त्या रात्रीं आमच्या गाड्यावर कोणी कोणत्याही प्राण्याचें नांव काढलें नाहीं. कॉर्नर मारण्याऐवजीं चेंडू कोपऱ्यांत खेळवीत वेळ काढावयास हवा होता, असें रिक्षावाल्यांचें म्हणणें. जिंकण्याची संधि समोर असतां वेळ काढणें हा खेळाचाच अपमान, असें कारागिरांचें. तो वाद अजून मिटलेला नाहीं, आणि माझें मत मीं अद्याप कोणास सांगितलेलें नाहीं.