तांदळाची रेघ

सिल्वासात वारली चित्र आता कुठे नाही? उशीच्या अभ्र्यावर आहे, कपबशीवर आहे, कंपाउंडच्या भिंतीवर आहे. कॉम्प्युटरवर दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस तयार. तोच पन्नास वेळा उमटवला की वरात तयार. लांबून छान दिसते. जवळ जाऊन बघा, पन्नासही जणांची मान एकाच बाजूला.

याच्याशेजारी जिव्या सोमा म्हसे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र ठेवा. म्हसे आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यातले. 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये गेले. जाळ्याची बारीक रेघन् रेघ हाताने ओढलेली. कुठे दाट, कुठे सैल, त्यामुळे जाळं पाण्यात फुगल्यासारखं वाटतं. छापील जाळ्याची घरं सगळी सारखी. त्यात मासा अडकेल असं वाटतच नाही, ती आपली खिडकीची जाळी!

आता आपल्या बायकांच्या कामाची गोष्ट. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायच्या त्या सुवासिनी. मधोमध पालघट देवी, आणि गाणी म्हणायला धवलेरी, तीही बाईच. 1970 नंतर कागद आला, बाजार आला आणि पुरुषांची नावं पुढे आली. म्हसेंची थोरवी त्याने कमी होत नाही. पण चौक काढणाऱ्या एका तरी बाईचं नाव आपल्याला सांगता येईल का?

तांदळाची रेघ आपल्यालाही परकी नाही. देरासरात पाटावर आपण स्वस्तिक काढतो, वर तीन ढिगल्या, त्यावर सिद्धशिला. हल्ली त्याचेही साचे मिळतात. दाणे ओतले, साचा उचलला, झालं. स्वस्तिक अगदी रेखीव येतो. चित्त ठरायला जी दोन मिनिटं मिळायची, ती मात्र गेली.

म्हणून हाताने केलेलं ते सगळं चांगलं, असंही मी म्हणणार नाही. दुकानातले हाताने रंगवलेले ट्रे मी उलटून-पालटून बघते. तोच तारपा, तोच नाचाचा गोल, दहा ट्रेंवर दहा वेळा. हात माणसाचा, पण घाई मशीनची. त्यात एखाद्याने गोलातली एक बाई मागे वळून बघणारी काढलेली असली, तर तो ट्रे मी घेते.