स्मरणचित्रात स्मरण कशाचे?

शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी श्रेणीत वस्तुचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला स्मरणचित्र हा विषय असतो. समोर नसलेले दृश्य आठवणीतून उभे करावे, ही त्यामागची कल्पना उत्तमच आहे. निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी. तिची अशी कसोटी इतर विषयांत क्वचितच लागते.

प्रत्यक्षात मात्र मुले पाहिलेले दृश्य आठवत नाहीत, पाहिलेले चित्र आठवतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. फळ्यावरच्या व मार्गदर्शिकांतल्या नमुन्यांनी हे चित्र सर्वत्र पोचवले. ते नीटनेटके असते, म्हणून शाबासकीही मिळते. आमचा आक्षेप याच शाबासकीला आहे.

कर्जतजवळच्या दहिवलीचेच उदाहरण घेऊ. उल्हास नदीकाठच्या या परिसरातून माथेरानचा डोंगर दिसतो. त्याला त्रिकोणाचे टोक नाही. माथा सपाट आहे. पूर्वेची सह्याद्रीची रांगही पायऱ्यापायऱ्यांची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. कठीण थरांचे उभे कडे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. उतारावर माती टिकते, म्हणून झाडीचे पट्टे आडवे दिसतात. एवढे समोर असताना कागदावर त्रिकोण उमटतो, तेव्हा चित्रकला आणि भूगोल दोन्ही हरतात.

दोष मुलांचा नाही, एकट्या शिक्षकांचाही नाही. तासिका मोजक्या, वर्ग मोठा आणि दहावीच्या वाढीव गुणांकडे पालकांचे डोळे; अशा वेळी नमुना गिरवणे सोपे जाते. पण सेवाग्रामच्या नई तालीममध्ये देवीप्रसाद यांनी १९४४ पासून कलाशिक्षण दिले, ते कलेला शिक्षणाचा पाया मानून. तिथे साधनांची श्रीमंती नव्हती.

आमची सूचना साधी आहे. एकच डोंगर जूनच्या आरंभी, गणपतीच्या दिवसांत आणि होळीच्या सुमारास समोर बसून पेन्सिलीने काढू द्यावा. कडा कुठे, उतार कुठे, झाडी कोणत्या पट्ट्यात, एवढेच विचारावे. पाचवीतली मुले बाह्यरेषा काढतील. नववीतली छाया आणि दूरच्या रांगेचा निळसरपणाही टिपतील. आठवड्याने तेच चित्र आठवणीतून काढून घ्यावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की काय पाहिले आणि काय निसटले हे मुलांनाच कळेल. चित्रे कदाचित सुबक नसतील, पण त्यांतला डोंगर माथेरानचा असेल.